हुकूम कोणाचा? संगणकातील घातक आज्ञावली, त्यांचे प्रकार आणि त्यांनी होणारी हानी

लग्नसराईच्या दिवसांत एखाद्या परिचिताच्या क्रमांकावरून मोबाइलवर निमंत्रणपत्रिका येते. तिच्या नावाच्या शेवटी '.एपीके' अशी अक्षरे असतात, पण पाठवणारा ओळखीचा आणि प्रसंग मंगल असल्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. फाईल उघडली जाते, पडद्यावर आलेल्या दोनतीन प्रश्नांना होकार दिला जातो, आणि पत्रिका मात्र काही दिसत नाही. फाईल खराब असेल असे म्हणून माणूस आपल्या कामाला लागतो. पुढे एकदोन दिवसांत बँकेच्या खात्यातून रक्कम गेल्याचे कळते, आणि घरात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : ओटीपी तर आम्ही कोणालाही सांगितला नव्हता, मग पैसे गेले कसे?

हा प्रश्न सर्वस्वी रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही नेमके देता येते. मात्र त्यासाठी, ज्यांना आपण सरसकट 'व्हायरस' म्हणतो त्या घातक आज्ञावलींचे निरनिराळे प्रकार कोणते, त्या यंत्रात शिरतात कशा आणि शिरल्यावर करतात काय, हे थोडे सावकाशीने समजून घ्यावे लागेल. या सर्वांना मिळून तंत्रज्ञ 'मालवेअर' म्हणतात. व्हायरस ही त्यांतली केवळ एक जात होय.

## आज्ञाधारक कारकून

संगणक किंवा मोबाइल म्हणजे एक कचेरी आहे आणि तिच्यात एकच, परंतु विलक्षण वेगाने काम करणारा कारकून बसला आहे, अशी कल्पना करावी. हा कारकून कधी थकत नाही, कधी कुरकुरत नाही, आणि समोर आलेला लेखी हुकूम अक्षरशः पाळतो. आपण ज्याला प्रोग्राम, ॲप किंवा आज्ञावली म्हणतो ती म्हणजे अशा हुकुमांची एक लांबलचक यादी असते. 'अमुक कागद काढ, त्यातली ही रक्कम त्या रकमेत मिळव, उत्तर तिथे लिही' या धर्तीचे सेकंदाला कोट्यवधी हुकूम तो बजावत असतो.

या कारकुनाच्या ठायी एक मोठा उणेपणा आहे. हुकूम कोणी दिला, कोणत्या हेतूने दिला, त्याने मालकाचे हित होईल की नुकसान, याचा विचार करण्याची शक्तीच त्याच्याकडे नाही. शिवाय त्याच्या दफ्तरात हुकूमनामे आणि साधे दस्तऐवज एकाच कपाटात, एकाच शाईने लिहून ठेवलेले असतात. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिलेल्या एका प्रसिद्ध अहवालात संगणकाची जी रचना मांडली गेली, तिच्यात आज्ञा आणि माहिती या दोहोंना एकच स्मृती असावी असे ठरले. याच रचनेमुळे एक यंत्र आज हिशेब, उद्या चित्र आणि परवा संगीत अशी नाना कामे करू शकते. आणि याच रचनेमुळे, साधा कागद म्हणून आत आलेली गोष्ट हुकूम म्हणून बजावली जाण्याचा धोकाही कायमचा उरतो. घातक आज्ञावली म्हणजे काही निराळा पदार्थ नव्हे. मालकाच्या नकळत दफ्तरात शिरलेला तो एक परका हुकूम असतो, आणि कारकून तो इतर हुकुमांइतक्याच निष्ठेने पाळतो.

म्हणून कोणत्याही घातक आज्ञावलीसंबंधी दोन प्रश्न विचारावेत : ती आत कशी आली, आणि आत येऊन काय करते? व्हायरस, वर्म आणि ट्रोजन ही नावे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आली आहेत; स्पायवेअर, बॉटनेट आणि रॅन्समवेअर ही दुसऱ्याच्या. त्यामुळे एकच आज्ञावली एकाच वेळी ट्रोजनही असू शकते आणि रॅन्समवेअरही.

## व्हायरस : अस्सल हुकुमात घुसवलेली ओळ

व्हायरस स्वतंत्रपणे राहू शकत नाही. तो एखाद्या अस्सल हुकूमनाम्यात दोनचार जास्तीच्या ओळी होऊन घुसतो, आणि त्या ओळींचा आशय असा असतो : 'हा मजकूर दफ्तरातील दुसऱ्या प्रत्येक हुकूमनाम्यात उतरवून काढ; मग तुझे नेहमीचे काम कर.' मालक नेहमीचा प्रोग्राम चालवतो, कारकून आधी परक्या ओळी बजावतो, नंतर मालकाचे काम करतो, आणि मालकाला काहीच वेगळे जाणवत नाही. आश्रयाला दुसरी आज्ञावली लागणे आणि स्वतःच्या नकला करणे, ही व्हायरसची दोन लक्षणे.

१९८६ साली लाहोरमधील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस तयार केला. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरील तो पहिला व्हायरस समजला जातो. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना पकडण्यासाठी आपण तो केला, असे त्यांचे सांगणे होते, आणि त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद केले होते. त्या काळी संगणक सुरू करताना फ्लॉपीचा अगदी पहिला कप्पा प्रथम वाचला जाई. ब्रेन त्या कप्प्यातील मूळ मजकूर दुसरीकडे हलवून स्वतः तिथे बसत असे, आणि कोणी तो कप्पा तपासू लागला तर हलवून ठेवलेला मूळ मजकूर पुढे करी. तपासनिसाला सारे जिथल्या तिथे दिसे. लपून राहण्याची ही युक्ती पुढच्या पिढ्यांतील आज्ञावलींनी फार वाढवली. यंत्राच्या अंतर्भागात खोल दडून तपासणीलाच खोटी उत्तरे देणाऱ्या आजच्या 'रूटकिट'चे बीज तिच्यात आहे.

ब्रेनने फारसे नुकसान केले नाही. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या 'सीआयएच' या व्हायरसने मात्र २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर हाहाकार उडवला. ठरलेली तारीख येताच तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी, आणि यंत्र सुरू होण्यासाठी जी मूळ आज्ञावली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेली असते, तीही खोडण्याचा प्रयत्न करी. ज्या यंत्रांत हे साधले ती पुढे सुरूच होईनात. त्याच्या महिनाभर आधी 'मेलिसा'ने दाखवून दिले होते की वर्डमधील साध्या पत्रातही 'मॅक्रो' या सोयीच्या आडून हुकूम दडवता येतो. ते पत्र उघडणाऱ्याच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांना त्याची प्रत आपोआप रवाना होई. दस्तऐवज निरुपद्रवी असतो ही समजूत तेव्हापासून मोडीत निघाली.

## वर्म : स्वतःच प्रवास करणारा हुकूम

वर्मला आश्रय लागत नाही आणि मालकाने काही उघडण्याचीही त्याला प्रतीक्षा नसते. तो टपालाच्या वाटेने स्वतःच एका कचेरीतून दुसरीकडे जातो. पण दार बंद असताना तो आत शिरतो कसा?

कचेरीत येणाऱ्या अर्जाचा नमुना छापील आहे आणि त्यात नावासाठी ठरावीक लांबीची चौकट आहे असे समजा. कारकुनाला नक्कल उतरवून घेण्याचा हुकूम आहे, पण मजकूर चौकटीत मावतो की नाही हे पाहण्याचा हुकूम लिहायला कोणीतरी विसरले आहे. आता एखाद्या कावेबाज अर्जदाराने नावाच्या जागी चौकटीबाहेर जाईल इतका मजकूर लिहिला, तर उरलेली अक्षरे शेजारच्या कागदावर उतरतील. आणि तो शेजारचा कागद जर कारकुनाला पुढे काय करायचे ते सांगणारा असेल, तर अर्जदाराची अक्षरे हाच त्याचा पुढचा हुकूम होईल. तंत्रज्ञ याला 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या अशा लहानशा विस्मरणातून राहिलेल्या भगदाडांतून पुष्कळ वर्म आत आले आहेत.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने त्या वेळच्या छोट्या इंटरनेटवर सोडलेला वर्म हे याचे नामांकित उदाहरण होय. त्याची एक वाट अशीच होती : ५१२ अक्षरांची जागा असलेल्या चौकटीत तो ५३६ अक्षरे पाठवी. दुसरी वाट टपालव्यवस्थेतील एका त्रुटीची, आणि तिसरी सोप्या पासवर्डांची. एकाच यंत्रावर गर्दी होऊ नये म्हणून तो आधी 'येथे माझी प्रत आहे काय' असे विचारी. परंतु कोणी खोटेच 'आहे' म्हणून त्याला परतवू नये, यासाठी सातांतून एकदा होकारार्थी उत्तर मिळूनही ठाण मांडण्याची तजवीज मॉरिसने केली होती. हे प्रमाण फार जास्त ठरले. एकेका यंत्रावर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि यंत्रे कामाच्या ओझ्याखाली ठप्प झाली. त्या वेळी जोडलेल्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० बाधित झाली असा अंदाज केला गेला. एकही फाईल न पुसता झालेले हे नुकसान होते. मॉरिसवर खटला चालून शिक्षा झाली, आणि अशा प्रसंगी मदतीला धावणारे पहिले पथक, 'सर्ट', कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले. आपल्याकडे हेच काम २००४ पासून 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था करते.

वर्मचा वेग किती असू शकतो हे २५ जानेवारी २००३ रोजी दिसले. 'स्लॅमर' नावाचा वर्म अवघ्या ३७६ बाइटचा, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल इतक्या मजकुराचा होता. आरंभी त्याच्या सावजांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत जगातील बहुतेक सर्व कमकुवत यंत्रे त्याने गाठली. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच उपलब्ध केली होती. पुष्कळ ठिकाणी ती बसवायची राहून गेली होती. हा प्रकार पुढेही पुन्हा दिसणार आहे.

## ट्रोजन : विश्वासाच्या दारातून

ट्रोजनला भगदाड शोधावे लागत नाही, कारण दार उघडणारा मालकच असतो. वरून तो खेळ, बिल, पत्रिका किंवा वाहतूक दंडाची नोटीस असतो. आत हुकूम निराळाच असतो.

४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेले 'आय लव्ह यू' हे ईमेल याचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. सोबतच्या फाईलचे नाव प्रेमपत्राचे होते, आणि त्याच्या शेवटी 'टीएक्सटी' व त्यानंतर 'व्हीबीएस' अशी दोन शेपटे होती. पहिले शेपूट साध्या मजकुराचे, दुसरे आज्ञावलीचे. आणि खरे असते ते शेवटचे. परंतु विंडोज ही प्रणाली शेवटचे शेपूट सहसा लपवत असे, त्यामुळे वाचणाऱ्याला दिसे ते निव्वळ पत्र. ते उघडताच त्यातील हुकूम चित्रे व इतर फाईलींवर स्वतःला लिहीत सुटे आणि पत्तेवहीतील प्रत्येकाला तेच पत्र धाडी. वेष ट्रोजनचा आणि चाल वर्मची असा हा संयोग होता. ते लिहिणाऱ्या तरुणावर फिलिपीन्समध्ये खटला उभा राहू शकला नाही, कारण तेव्हा तिथे असा कायदाच नव्हता. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमलात आला, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस किंवा तत्सम दूषित आज्ञावली सोडणे त्याच्या ४३ व्या कलमात नमूद झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. '.एपीके' हे शेपूट अँड्रॉइड फोनवर बसवायच्या ॲपचे असते. निमंत्रणपत्रिकेला त्याची गरज कधीच नसते. अशी फाईल दाबली की 'अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू द्यावे काय' असे फोन विचारतो. तो पहिला होकार. त्यानंतर ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. तो दुसरा होकार, आणि सारा अनर्थ तिथेच होतो. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर मालकाने एका अनोळखी इसमाला आपले सारे टपाल फोडून वाचण्याचे कुलमुखत्यारपत्र सही करून दिलेले असते. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, ॲप तो वाचून क्षणार्धात चोराकडे रवाना करते, आणि मालकाला तो कोणाला सांगण्याची वेळच येत नाही. काही ॲप तर खाते व कार्डाचा तपशील भरण्यासाठी बँकेच्या फॉर्मसारखा दिसणारा खोटा फॉर्मही पुढे करतात, आणि स्वतःचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे करतात. व्हॉट्सॲपच्या नोंदणीचा कोडही याच मार्गाने हाती लागला, तर चोर ते खाते आपल्या फोनवर चालू करतो आणि तीच पत्रिका त्या माणसाच्या नावाने सगळ्या नातलगांना पाठवतो. परिचिताच्या क्रमांकावरून ती आली होती ती अशी.

## हेर आणि वेठबिगार

आत शिरलेला हुकूम नेहमीच मोडतोड करतो असे नाही. स्पायवेअरचा हुकूम एवढाच असतो की प्रत्येक कागदाची एक जास्तीची नक्कल काढून बाहेर पाठवावी. 'कीलॉगर' हा त्याचा एक उपप्रकार दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवतो. पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांनी झाकलेला असला तरी बोटांनी दाबलेल्या कळा झाकता येत नाहीत. २००७ च्या सुमारास पुढे आलेल्या 'झ्यूस' या ट्रोजनने बँकांचे पासवर्ड याच रीतीने चोरले. यंत्र संथ होत नाही, काही पुसले जात नाही; म्हणून हा हेर महिनोन् महिने राहू शकतो.

दुसऱ्या प्रकारात यंत्र वेठीला धरले जाते. बाहेरून येणाऱ्या हुकुमाची वाट पाहत बसलेल्या अशा हजारो यंत्रांच्या जाळ्याला 'बॉटनेट' म्हणतात. २०१६ साली 'मिराई'ने हे जाळे संगणकांऐवजी घरोघरच्या कॅमेऱ्यांतून आणि इंटरनेटच्या राउटरांतून विणले. त्याची रीत अगदी साधी होती : कारखान्यातून निघताना या उपकरणांना जे पासवर्ड दिलेले असतात त्यांची साठेक नोंदींची यादी जवळ ठेवायची आणि एकेक लावून पाहायचा. पुष्कळ मालकांनी तो कधी बदललेलाच नसे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांनी इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा असा भडिमार केला, की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना यातले काहीही ठाऊक नव्हते. आपल्या यंत्रात चोरण्यासारखे काय आहे, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की त्याचे यंत्र दुसऱ्यावर हल्ला करण्यासाठीही वापरले जाऊ शकते.

## रॅन्समवेअर : दफ्तराला परके कुलूप

आज सर्वांत जास्त धास्ती आहे ती खंडणीखोर आज्ञावलीची. तिचा पहिला नमुना १९८९ चा. एड्स या रोगाविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर धाडल्या गेल्या. संगणक ९० वेळा सुरू झाला की फाईलींची नावे सांकेतिक होत आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याचे फर्मान पडद्यावर उमटे. ते कुलूप तज्ज्ञांनी लवकरच उघडले, कारण कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच फ्लॉपीत होती.

आजचे कुलूप तसे उघडत नाही. त्यामागे किल्ल्यांची एक जोडी असते : एका किल्लीने कुलूप लागते, पण उघडते फक्त दुसरीने, आणि लावणारी कितीही तपासली तरी उघडणारी तिच्यावरून घडवता येत नाही. रॅन्समवेअर प्रत्येक फाईल सांकेतिक करते आणि मग त्या संकेताची किल्लीच लावणाऱ्या किल्लीने बंद करते. उघडणारी किल्ली गुन्हेगाराजवळ असते. ती सावजाच्या यंत्रात कधी आलेलीच नसते. जी गणितविद्या बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवते, तीच येथे मालकाला स्वतःच्या दफ्तराबाहेर ठेवते.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक असे बंद केले आणि प्रत्येकी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. हा रॅन्समवेअर वर्मच्या चालीने पसरत होता, आणि त्याचे भगदाड बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच घाला पडला, तेव्हा नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला मालवेअर हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. त्याचे मोल मात्र त्यालाच चुकवावे लागते.

२७ जून २०१७ चा 'नॉटपेट्या' याहून क्रूर होता. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला, आणि पैसे मागितले तरी कुलूप उघडण्याची सोयच त्यात नव्हती. त्याचा खरा हेतू नाश हाच होता. जहाजवाहतुकीतील मर्स्क या कंपनीची जगभरची यंत्रणा त्यात कोसळली आणि आपल्या न्हावा शेवा येथील एका टर्मिनलचे कामही अडले. कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. ते शक्य झाले याचे एक कारण असे सांगितले जाते, की यंत्रणेच्या मुख्य नोंदवहीच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या असताना घानामधील एक प्रत वाचली होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. जोडलेली प्रत्येक प्रत गेली, तुटलेली तेवढी उरली.

## पुण्यातील एक शनिवार

११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले, आणि सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळवण्यात आले.

एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र 'पैसे द्यावे काय' असे बँकेला विचारते. हा प्रश्न 'स्विच' नावाच्या दुव्यातून बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत जातो आणि शिल्लक पाहून उत्तर परत येते. घुसखोरांनी मालवेअरच्या साहाय्याने एक खोटा स्विच उभा केला. आवकबारनिशीच्या कारकुनाने आलेला कागद शिरस्तेदाराकडे नेण्याऐवजी स्वतःच 'मंजूर' असा शिक्का मारून परत पाठवावा, तसा हा प्रकार होता. मुख्य हिशेबाला काही विचारलेच गेले नाही, म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत. नुकसान बँकेचे झाले. २०२३ मध्ये या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

## बंदोबस्ताच्या मर्यादा आणि उपाय

अँटिव्हायरस हा दारावरचा पहारेकरी होय. त्याच्या हाती आजवर सापडलेल्या बनावट हुकुमांच्या खुणांची यादी असते आणि येणारा प्रत्येक कागद तो तिच्याशी ताडून पाहतो. आपल्याकडे या विद्येचा आरंभ करणाऱ्यांत पुण्याचे काटकर बंधू अग्रगण्य होत. कॅलक्युलेटर व संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांकडे व्हायरसने बिघडलेली यंत्रे येत, आणि त्यांचे धाकटे बंधू संजय त्यांवर उतारा लिहून देत. त्यातूनच पुढे 'क्विक हील' उभे राहिले. परंतु खुणांची यादी नेहमी कालची असते. म्हणून आजचे पहारेकरी वागणुकीवरही नजर ठेवतात : एखादे ॲप क्षणात शेकडो फाईली बदलू लागले तर त्याला अडवतात. तरीही संपूर्ण हमी देता येत नाही. कोणतीही आज्ञावली तपासून ती व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी आज्ञावली लिहिताच येणार नाही, हे अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिले आहे.

पहारा अपुरा म्हणून सारे हताश होण्याजोगे आहे असे मात्र नाही. वरच्या प्रसंगांकडे पुन्हा पाहिले तर दिसेल की स्लॅमर आणि वॉनाक्राय या दोघांचीही वाट अगोदर निघालेल्या दुरुस्तीने बंद करता आली असती. मिराई पुष्कळ ठिकाणी पासवर्ड बदलताच हरला असता. आणि पत्रिकेचे ॲप दुसऱ्या होकाराशी अडले असते.

> थोडक्यात
>
> व्हायरस : दुसऱ्या आज्ञावलीत शिरतो, ती चालली की नकला करतो.
> वर्म : भगदाडातून स्वतःच यंत्रामागून यंत्र गाठतो.
> ट्रोजन : उपयोगी वस्तूच्या वेषात येतो, दार मालकच उघडतो.
> स्पायवेअर : गुपचूप माहिती बाहेर पाठवतो.
> बॉटनेट : वेठीला धरलेल्या यंत्रांचे जाळे.
> रॅन्समवेअर : फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतो.
>
> काय करावे : अपडेट आल्याबरोबर बसवावे. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि एसएमएस वाचण्याची परवानगी का हवी हे कळल्याशिवाय देऊ नये. कॅमेरा व राउटर यांचा मूळ पासवर्ड बदलावा. महत्त्वाच्या फाईलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. निदान एक प्रत यंत्राला जोडलेली नसावी.

## फसल्यावर

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. फसवल्या गेलेल्या माणसाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, आपल्या हातून झालेल्या गोष्टीची लाज वाटते आणि ते गप्प बसतात. घरची तरुण माणसेही पुष्कळदा 'तुम्ही ते दाबलेच का' असे म्हणून ती लाज वाढवतात. परंतु ज्यांच्यापुढे मोठमोठ्या बँका, रुग्णालये आणि कंपन्यांच्या यंत्रणा टिकल्या नाहीत, त्यांच्यापुढे एखादी आजी फसली तर त्यात तिचा अपराध तो काय? अशा वेळी फोनचे इंटरनेट तात्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकाला कळवावे, व आपल्या क्रमांकावरून गेलेली फाईल कोणी उघडू नये असे नातलगांना सांगावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम गोठवता येण्याचा संभव असतो, आणि तोच हुकूम पुढे ज्या शेकडो घरांत जाणार असतो त्यांना आपल्या तक्रारीने वेळीच इशारा मिळतो. यंत्र हुकूम देणाऱ्याचे नाव विचारत नाही. ते विचारण्याचे आणि एकमेकांना सावध करण्याचे काम माणसांचे आहे, आणि ते करण्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही.